टब मी भरायचा, बसायचं दुसऱ्यानं

सखूबाईंवर अन्याय झाला तो गेल्या सोमवारी, सकाळी सात वाजता, अकलूजजवळच्या एका निसर्गोपचार केंद्रात. बारा वर्षं पेशंटांसाठी टब भरणाऱ्या या बाईला त्याच टबातून उठवलं. पुढचं त्यांच्याच तोंडून:

काय सांगू तुमाला, आमी माळशिरसकडचे धनगर, लोकर कातरायच्या आदल्या दिशी मेंढरं ओढ्यात धुवायची आमची रीत, दिसभर कमरेइतक्या पाण्यात उभं ऱ्हायचं, एकेक मेंढरू चोळायचं आन काठाला ढकलायचं, आन आमची आत्ती, म्हंजे माझी सासू, एरवी गुडघ्यानं उठायची न्हाय बगा, पर त्या दिशी पाण्यात सगळ्यांच्या आधी आन भाईर सगळ्यांच्या मागनं. म्हणायची, मेंढरं मी धुती व्हय? मेंढरंच मला धुत्यात.

पुढं नवऱ्यानं मेंढरं इकली, मी हितं कामाला लागले. गरम-गार शेक, वल्या पट्ट्या, कमरेपुरता टब, समदं शिकले. थर्मामीटर हाय की, पर मी कोपर बुडवून सांगती पाणी झालं का न्हाय, आन डॉक्टरीणबाई बी मलाच इचारत्यात.

मग माझाच गुडघा धरला. डॉक्टरीणबाई म्हणल्या, पेशंट यायच्या आधी टबात बसत जा की. बसले. तवर मॅनेजरसायब आले, उठा म्हणले, टब पेशंटसाठी हाय. म्हणलं, सायब, मी उठती, पर गुडघा उठंना. ते काय हसले न्हाईत.

घरी मेंढरांची पाणी प्यायची डोण पडून हुती. घासली, कोमट पाणी भरलं, बसले. शेजारची जनाक्का कुडावरनं बगती, अगं सखू, मेंढरू झालीस व्हय? म्हणलं, व्हय, कातरायची तेवढी ऱ्हायलीया. दुसऱ्या दिशी तीच कंबर धरून दारात! आता आमी दोघी पाळीनं बसतो, लई हसतो. गुडघा काय नवा झाला न्हाय, पर पायरी चढती.

काल केंद्रातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी इचारलं, लंगडता का? सोमवारचं समदं सांगितलं. तर टॉवेल गुंडाळून उभेच, आधी सखूबाईंची पाळी, मग माझी! सायब म्हणले, बगू. त्यांचं बगणं अजून चालूच हाय.

तुमी बी कुटं उपचाराला जाल, तवा इचारा, पाणी भरणाऱ्या बाईची पाळी कवा असती? पाणी गार हुईल म्हणून भिऊ नगा, मी परत तापवती. पर उत्तर मिळंस्तवर टबात पाय घालू नगा.