कॉइलओव्हर आणि दुधाचे तीन कॅन

तुमी हसताल, पण माझ्या गाडीचं कॉइलओव्हर, म्हंजी स्प्रिंग अन् शॉकअपचा जोड, मी न्हाई, दुधाच्या कॅननी निवडलं.

मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव. गेल्या दुष्काळात जनावरं आटली अन् सोसायटीचे कॅन रिकामे पडले. त्यातले तीन मागं टाकून मी रोज लांबच्या विहिरीवरून पाणी आणायचो, ते बी माझ्या लई पळणाऱ्या गाडीतून. तरी रेसच्या गाडीसारखी गाडी जमिनीजवळ खाली बसवायची हौस काय जाईना. म्हणून पुण्याला गेलतो.

मेकॅनिक म्हणाला, "स्प्रिंग आणि शॉकअप एकातच येतात. कडक हवं की मऊ?"

"एकदम कडक. रेसवाल्यांसारखं."

त्यानं डिकी उघडली. "आणि हे कॅन?"

"पाण्याचे. रोज भरलेले असतात."

"मग मधलं घ्या. आणि उंची कॅन भरूनच लावू, नाहीतर गाडी खाली घासेल."

त्यानं पाईप लावून तिन्ही कॅन भरले, गाडीची उंची लावली, अन् काम झाल्यावर एक कॅन सहज गटारीत ओतायला घेतला. मी त्याचा हातच धरला. "ओतू नका. तसंच ऱ्हाऊ द्या."

तो माझ्याकडं बघतच ऱ्हायला. मग त्यानं सांडलेला कॅन परत काठोकाठ भरला.

घरी आई दारातच उभी. मी वाकून तिला नवी स्प्रिंग दाखवाया लागलो. तवर तिनं कॅनचं झाकण काढून ओंजळभर पाणी पिलं बी.

"गोडं हाय," म्हणली. "परत कवा जायाचंय पुण्याला, स्प्रिंग बसवायला?"