चूक सापडली नाही

मुलगी : तुम्ही कशाला धावत आलात, बाबा? दोन पिशव्यांचं तर सामान माझं.

बाबा : फोनवर तुझा आवाज बरा नव्हता. नीट सांग, काढलं म्हणजे काय?

मुलगी : काढलं म्हणजे काढलं. आख्खा सिनेमा मशीननं एडिट करून जोडलाय, दोन दिवसांत. मला चार महिने लागले असते.

बाबा : मशीनला काय डोंबल कळतंय कुठे तोडायचं ते!

मुलगी : मीच शिकवलं ना त्याला! वर्षभर प्रत्येक कटाखाली माझ्याकडून लिहून घेत होते, इथेच का तोडलं म्हणून. मला वेडीला वाटलं, कदर होतेय.

बाबा : तू बघितलंस, त्यानं काय केलंय ते?

मुलगी : सकाळपासून तीनदा. चुका काढायलाच बसले होते. शेवटच्या सीनमध्ये एक बाई मुलगा निघून गेल्यावर दार लावून घेते, मी दार लागल्यावर तोडलं असतं. त्यानं लागायच्या आधीच तोडलंय. आणि बाबा, तेच बरोबर आहे. मला सुचलं नसतं.

बाबा : निर्माते काय म्हणाले?

मुलगी : “तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही, फक्त आता गरज उरली नाही.” वर चहा पाजला.

बाबा : अगदी हेच म्हणाले?

मुलगी : हो. का?

बाबा : (खुर्चीत बसत) दादाला मी हेच सांगितलं होतं. शब्दन् शब्द.

मुलगी : मोठ्या काकांना? ते तर डोळ्यांमुळे घरी बसले ना?

बाबा : ते आपलं चारचौघांत सांगायला. डोळे ठणठणीत होते त्याचे. फिल्म उजेडाकडे धरायचा, नखानं खूण करायचा, इथे. एकदा कात्री लागली की परत जोडलं तरी एखादी फ्रेम जायचीच, म्हणून आधी तासभर नुसता बघत बसायचा. मग संगणक आला. मी शिकलो, तो नाही शिकला. स्टुडिओचे मालक म्हणाले, भाऊ आहेस, तूच सांग. सांगितलं.

मुलगी : काका काय म्हणाले?

बाबा : हुकांवर लटकवलेले फिल्मचे तुकडे उतरवले, चिठ्ठ्या लावून डब्यात भरले. म्हणाला, आठव्या रिळातला जोड कच्चा आहे, बघून घे. आणि गेला.

मुलगी : पुढची अकरा वर्षं, अगदी वारेपर्यंत, दिवसभर करायचे काय ते?

बाबा : माहीत नाही.

मुलगी : दोन गल्ल्या सोडून तर राहायचे!

बाबा : जायचो की. हवापाण्याच्या गप्पा मारून यायचो. हे विचारायची छातीच झाली नाही.

मुलगी : मला आता तेवढंच हवं होतं, बाबा. उद्या सकाळी उठून काय करायचं, तेच कळत नाहीये.

बाबा : वहिनीला विचारू या का?

मुलगी : काकू माणसं तरी ओळखते का आता?

बाबा : नाही गं. मला बघून दादाच समजते. परवा म्हणाली, “आज तरी कामावर बोलावलं का हो?”