देण्याआधी तपासून घ्या

ओटाहुहू या उपनगरातल्या हॉलमध्ये आफ्रिकन कुटुंबांसाठी मोफत आरोग्य तपासणी होती. देणगीच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं रक्तदाब मोजायची तीन नवी मशिनं घेऊन उभं होतं.

“यतीन, स्वतःच्या दंडाला लावून चालतात का बघ आधी. मोडकं दान नको.”

“एकशे ऐंशी? वल्लरी, हे बिघडलंय गं.”

“दुसरं लाव.”

“हेही बिघडलंय.”

“आणि तिसरं?”

“सगळी एकाच कारखान्यातली असणार.”

“डॉक्टरकडे शेवटचा कधी गेलास?”

“मी इंजिनिअर आहे. मशीनमधलं मला कळतं.”

“तपासणीच्या टेबलावरच्या त्या सुदानी ताई बोलावतायत तुला.”

“आभार मानायचे असतील.”

“नाही रे. तपासणीच्या रांगेत या म्हणतायत.”

“वा! काय दानशूर मी! माझ्या दानाचा पहिला लाभार्थी मीच.”

“जा आता.”

“वल्लरी... तूही चल ना.”