द्वारकाआत्यांनी नॉर्वेतल्या बाळाचं नाव ठेवलं, त्याची गोष्ट

मंडळी, एक प्रश्न विचारतो. खरं बोला, देवासमोर बसलायत! ज्याला एखादी गोष्ट येत नाही, त्याची सेवा कशी करावी? त्याचं काम आपण करून द्यावं की त्याला शिकवावं? करून द्यायला दोन मिनिटं. शिकवायला दोन महिने! मग पुण्य कशात? काय हो पेटीवाले? — नुसती मान हलवतात! सुरात हलवतात, एवढंच समाधान!

ऐका तर. निंबोरे नावाचं गाव. तिथे द्वारकाआत्या कुलथे. वय अडुसष्ट, आवाज खणखणीत, लग्न केलं नाही. भाऊ-भावजय लवकर गेले. त्यांचा निशिकांत आत्यांनीच लहानाचा मोठा केला. तो आता नॉर्वेत! तिकडे त्याला मुलगी झाली. फोन आला — "आत्या, पुढच्या महिन्यात बारसं. मला सख्खी बहीण नाही. नाव तूच निवडायचंस आणि बाळाच्या कानात तूच सांगायचंस. व्हिडिओ कॉलवर!"

आत्यांना आभाळ ठेंगणं झालं! पण फोन ठेवला... आणि त्याच्याकडे बघतच बसल्या! कारण आत्यांना एकच विद्या यायची. वाजला की उचलायचा आणि कानाला लावायचा. बाकी सगळं शेजारची चुलतसून प्रमिला करायची. काही विचारायला गेलं की म्हणायची, "आणा इकडे!" टक टक टक! "हे घ्या, झालं!" झालं खरं, पण कसं झालं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही! तीच प्रमिला आता म्हणते, "तुम्हाला नाही जमायचं हो! तुमच्या वतीने मीच सांगते नाव!"

झोंबलं हो! ज्याला वाढवलं त्याच्या लेकीचं नाव दुसरीने ठेवायचं? आत्यांनी चपला घातल्या आणि थेट सार्वजनिक वाचनालय गाठलं!

— कोणाचा फोन वाजतोय तो? बंद करा! काय? कसा करायचा माहीत नाही? वा! आख्यान अगदी योग्य गावात आलंय! वाजू द्या, वाजू द्या, दमला की थांबेल.

तर, तिथे ग्रंथपाल तस्लीमबाई. रोज दुपारी वडीलधाऱ्यांना मोबाइल शिकवायच्या. आत्यांनी फोन पुढे केला, "तेवढं करून दे गं." बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले! म्हणाल्या, "आत्या, पुस्तक मी कपाटातून काढून देते. वाचून देते का? वाचायचं तुम्हीच!"

काय बोलली बाई!

आणि वर्गात एकेक रत्नं! भालेराव अप्पा, याच वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल, पडदा सरकवायच्या आधी बोट जिभेला लावायचे! चाळीस वर्षं पानं उलटायची सवय! बोट ओलं, फोन ओला, पडदा जागचा हलेना. अप्पा म्हणायचे, "पान चिकटलंय!" आत्या हसल्या, तर अप्पांनीच दटावलं, "शू! वाचनालय आहे!"

तस्लीमबाई आतल्या खोलीतून आत्यांना कॉल लावायच्या. आत्या पहिल्या दिवशी चुकल्या. दहाव्या दिवशी चुकल्या. बाई एकदाही म्हणाल्या नाहीत, "आणा इकडे." विसाव्या दिवशी जमलं! फोन चेहऱ्यासमोर, बाई दिसतायत, आत्या बोलतायत!

उजाडला बारशाचा दिवस. आत्या म्हणाल्या, "मी कॉल वाचनालयातच घेणार." प्रमिलाही मागोमाग आली. चार वाजले. फोन वाजला! आत्यांनी हिरवं बटण दाबलं... आणि मंडळी, घात झाला! घाईत जन्माची सवय आड आली. फोन कानाला!

तिकडे मुहूर्त टळत होता. निशिकांतने बघितलं ना सवरलं, फोन थेट बाळाच्या कानाशी! इकडे आत्यांचा कान, तिकडे बाळाचा कान! आणि आत्या गावाला ऐकू जाईल एवढ्याने ओरडतायत — "हॅलो! हॅलो! कोण बोलतंय?"

तिकडच्या बायकांना वाटलं, सांगितलं नाव! सगळ्या ओरडल्या, "कुर्र!" अहो, कसलं कुर्र? पोरीचं नाव काय पडलं? हॅलो! हॅलो निशिकांत कुलथे!

बाळाने भोकाड पसरलं! निशिकांत वाकून फोनमध्ये बघत ओरडतोय, "आत्या, नुसता कान दिसतोय, कुडीसकट!" आत्यांनी फोन कानाला आणखीच घट्ट दाबला. डोळ्यांत पाणी. प्रमिलाने हात पुढे केला, "आणा इकडे!"

सांगा मंडळी, काय करावं? द्यावा फोन? दोन मिनिटांचं काम!

आत्यांनी तस्लीमबाईंकडे बघितलं. बाईंचे हात पाठीमागेच. हळूच म्हणाल्या, "आत्या, आधी बघा. मग बोला."

आत्यांनी फोन कानापासून काढला. समोर धरला. तर इवलासा गुलाबी कान! निशिकांतने फोन मागे घेतला, तसा गाल, मग रडकं तोंड. आत्यांनी त्या पोरीला पहिल्यांदा बघितलं हो! सातासमुद्रापलीकडची पोर, पण नाक थेट त्यांच्या भावाचं! म्हणाल्या, "निशू, धर परत कानाशी." आणि वाचनालयात शोभेल अशा आवाजात हळूच नाव सांगितलं. पोर रडायची थांबली!

"कुर्र!" ही आरोळी कोणाची? भालेराव अप्पांची! ज्यांनी जन्मभर सगळ्यांना गप्प केलं, ते टेबल बडवून ओरडले! बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत ना? अख्खं वाचनालय रांगेत उभं राहिलं! सगळ्यात जोरात धपाटा प्रमिलाने घातला आणि मग आत्यांच्या गळ्यात पडून म्हणाली, "चुकलं माझं." तिकडून निशिकांत विचारतोय, "आत्या, नाव तर कळू दे!" आत्या डोळे पुसत म्हणाल्या, "मंजिरी!"

आता तुमच्याकडे वळतो. हसलात ना पोटभर? उद्या सकाळी तुमची आई फोन घेऊन येईल. म्हणेल, "बाळा, हे कसं करायचं रे?" काल सांगितलेलंच पुन्हा विचारेल. तुमच्या तोंडावर येईल, "आण इकडे!" तेव्हा एक करा. 'अ' गिरवायला तुम्हाला किती दिवस लागले होते ते आठवा! रोज उलटा काढत होतात. त्या माउलीने पाटी काढून घेतली होती का? स्वतःच 'अ' काढून दिला होता का? शेजारी बसली. पुसून म्हणाली, "परत काढ."

जा घरी, आणि आईशेजारी बसा. रामकृष्णहरी!