शेवटच्या बूथचं दूध

आमी मूळचे अक्कलकोट तालुक्यातले. वडील ट्रकवर, घरात दखनी, गल्लीत कानडी आन् शाळंत मराठी, तर मला नबीलालला तिन्ही थोडं थोडं येतं. वडलांनी गाडी शिकवली तवा एकच सांगितलं, गाडी उभी तर इंजिन बंद, डिझेल काय नळाला येत न्हाय. ती सवय हाताला अशी बसली की पुढं सोलापूरजवळ चिंचोळीला डेअरीच्या दुधाच्या व्हॅनवर लागलो तरी सुटली न्हाय.

आता काय सांगू तुमाला, त्या व्हॅनचं थंड करायचं मशीन इंजिनावरच चालतं. मला ठावं होतं की. पर गेल्या उन्हाळ्यात शहरातल्या जुळे सोलापूर भागाची फेरी मिळाली, तर बाकीचे बूथ उरकले की शेवटच्या आधी मी नाष्ट्याला थांबायचो, पाऊण तास, इंजिन बंद. मग मशीन फुल्ल सोडायचं, बूथ येईस्तोवर पिशव्या पुन्हा गार. नागव्वाअक्का हात लावून बघायची, गार हाय म्हणायची, सही करायची. डेअरीचे साहेबही खूश, नबीलाल डिझेल कमी जाळतो म्हणून.

नागव्वाअक्का म्हंजे त्या बूथची बाई, एकटी, लई टापटिपीची. तिचं दूध नासायला लागलं. पिशवीवरची तारीख दोन दिवस पुढची आन् तापवलं की फाटायचं. साहेब म्हणले बाईचा फ्रिज खराब, बूथ काढून दुसऱ्याला दिला. पुढं पाऊस लागला, नव्या माणसाचं दूध टिकलं, तर मलाही तसंच वाटलं. वाईट वाटलं, पर ड्रायव्हरनं काय बोलायचं.

यंदा ऊन लागलं तवा डेअरीच्या लॅबमधी एक मॅडम आल्या. त्यांनी क्रेटमधी काडेपेटीएवढं यंत्र ठेवलं, ते घडीघडीला किती गरम, किती गार लिहून ठेवतं, त्यावरनं कॉम्प्युटर सांगतो जंतू किती वाढले, दूध कवा नासंल. शेवटच्या बूथवर त्या सोता आल्या, चार पिशव्या बर्फात घालून नेल्या, लॅबच्या चांगल्या फ्रिजात ठेवल्या आन् म्हणल्या, नबीलालभाऊ, हे उद्या संध्याकाळी फाटणार. मी हसलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटलंच की. मग त्यांनी कॉम्प्युटरवर त्या यंत्राची रेघ दाखवली, हितं एकदम चढलेली, तो माझा नाष्टा. म्हणल्या, थंडीनं जंतू दमानं वाढतात, मरत न्हाईत, मधी वाढले ते वाढलेच.

म्हंजे अक्काचा फ्रिज चांगला होता. मॅडमला मागचं कायबी ठावं नव्हतं, गप बसलो असतो तर संपलं होतं. चार दिवस बसलोही गप.

मग गेलो. अक्का अंगणात कडक भाकरी वाळवत होती. सगळं सांगितलं. वाटलं शिव्या देईल. म्हणली, मी दारोदार माफी मागितली रे, लेकरांना खराब दूध पाजलं म्हणून. फ्रिज भंगारात घातला. वर्ष झालं, घास गोड लागत न्हाय. मग चप्पल घातली आन् म्हणली, चल, त्याच दारांत.

गेलो. अक्का मागं उभी, दर दारात मीच बोललो. एका आजोबांना ऐकू कमी, त्यांना तीनदा ओरडून सांगावं लागलं, दूध मी नासवलं, अक्कानं न्हाय. जिन्यावरची सगळी घरं बाहेर आली. लाज वाटली, लई वाटली.

साहेबांनाही सांगितलं. बूथ काय अक्काला माघारी मिळाला न्हाय. मला व्हॅनवरनं काढून कोल्ड रूममधी क्रेट लावायला घातलं, सोलापूरच्या उन्हाळ्यात स्वेटर घालून असतो. अक्का भाकरी विकते. माझ्याशी बोलत न्हाय, मीही बोल म्हणत न्हाय. पर शेजारी सांगतात, आता पोटभर जेवते. अल्ला तिला सुखी ठेवो.