कच्चं दाखवायचं नसतं

मंडळी, ऐका. शके एकोणीसशे एक्केचाळीस, म्हणजे इंग्रजी दोन हजार एकोणीसचा गुढीपाडवा. तिथून ही गोष्ट सुरू होते आणि पुढच्या संक्रांतीला संपते. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मनात तयार ठेवा. आपण एखाद्या माणसासाठी काही चांगलं करायला घेतो. त्या माणसाला ते चांगलं हवं असतं, की वेळेवर हवं असतं?

घाईने बोलू नका. आधी गडहिंग्लजला चला.

तिथे उदय शिंत्रे नावाचा मुलगा लग्नाचं शूटिंग करायचा. हात फार सफाईदार. वडील शंकरअण्णा, जन्मभर शिंपीकाम केलेले. आई आक्काताई. आदल्या वर्षी उदयच्या बहिणीचं, शैलाचं लग्न झालं. उदयने ते नव्या भारी कॅमेऱ्यावर स्वतः टिपलं. हळद दळताना आई जात्यावर ओव्या म्हणत होती, मधेच आचाऱ्याला झापत होती, मोरपंखी इरकल नेसून सगळीकडे फिरत होती. सगळं टिपलं. पण जुना लॅपटॉप त्या चित्रणापुढे गुडघे टेकायचा. दोन पावलं चालायचा, थांबायचा. तेवढ्यात गिऱ्हाइकांच्या कामांचा रेटा. घरचंच आहे, करू सावकाश, म्हणून ते राहिलं. आणि दिवाळीत आक्काताई गेल्या.

आता पाडव्याच्या आसपास डॉक्टरांनी अण्णांचे डोळे तपासले. काचबिंदू. म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली किती टिकेल, मला सांगता येणार नाही."

घरी आल्यावर अण्णा कॉटवर बसले आणि म्हणाले, "उदय, शैलाच्या लग्नाचं दाखव मला. तुझ्या आईला एकदा बघून घेतो."

"अजून केलं नाही अण्णा. नुसतंच आहे ते, कच्चं."

"मग कच्चं दाखव."

"तसं दाखवायचं नसतं. आमच्या धंद्यात कुणाला दाखवत नाहीत."

अण्णा हसले. "अरे, मी गिऱ्हाइकाला कच्ची शिलाई घालूनच कोट अंगात घालायला द्यायचो. बाही लोंबत असायची, कॉलर नसायची. पण माणूस आरशात बघून खूश व्हायचा."

"तुम्हाला चांगलं दाखवायचंय," उदय म्हणाला. "आईचं आहे ते."

मंडळी, यात वाईट काय बोलला तो? काही नाही. म्हणून तर रडू येतं.

तो लॅपटॉप शोधायला निघाला. कोल्हापूर झालं, बेळगाव झालं, पुणे झालं. मुलीला स्थळं बघावीत तसं बघणं. एकाचा प्रोसेसर दमदार, तर पडद्यावर लाल रंग नारंगी दिसतो. एकाचे रंग खरे, तर ग्राफिक्स कार्ड दुबळं. एक सगळ्यात दणकट, पण काम सांगितलं की तापणारा. हसताय काय, तसा एकेक तुमच्याही घरात आहे.

बेळगावचा दुकानदार कंटाळून म्हणाला, "साहेब, यातला कुठलाही घ्या. लग्नाची फिल्म आरामात होईल."

"माझ्या आईची साडी मोरपंखी आहे," उदय म्हणाला. "तुमच्या पडद्यावर ती निळी दिसेल."

गणपती आले, गेले. दसरा झाला. बायको, स्मिता, एकदा म्हणाली, "अहो, अण्णा हल्ली कप चाचपून उचलतात. कॅमेऱ्याच्या त्या बारक्या पडद्यावर तरी दाखवा त्यांना."

"आता झालंच गं. मार्गशीर्षात नवीन मॉडेल येतंय."

आलं. घेतलं. जुना लॅपटॉप बदल्यात दिला. आणि खरं सांगते, मशीन उत्तम होतं. जे चित्रण रडत रडत चालायचं ते पाण्यासारखं वाहू लागलं. उदयने ट्रंकेतली आईची इरकल काढली, पडद्याशेजारी धरली आणि रंगाला रंग मिळेपर्यंत उठला नाही. पोराची माया बघा. मग धंद्यातल्या रीतीप्रमाणे मूळ आवाज बंद केले, वर सनई आणि गाणी चढवली. फिल्म तयार झाली. पुढच्या सीझनसाठी जागा हवी, म्हणून हाताच्या सवयीने कच्चं सगळं पुसून टाकलं. कॅमेऱ्याच्या कार्डांवर तर तुळशीचं लग्न झाल्यापासून दुसऱ्यांची लग्नं उतरली होती.

संक्रांतीला दुपारी अण्णा धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले. चष्मा पुसला. फिल्म सुरू झाली. उदय पडद्याकडे बघत होता. आई जात्यापाशी बसली, पदर खोचला, हसली. रंग अगदी तोच. त्याने कौतुकाने वडिलांकडे पाहिलं. अण्णांचं तोंड पडद्याच्या जरा डावीकडे होतं. खिडकीकडे.

"अण्णा, दिसतंय ना?"

"उजेड दिसतोय. असू दे, चालू ठेव."

अण्णा मान किंचित वाकवून ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ती गप्प का आहे रे?"

"गाणं घातलंय अण्णा, वरून."

"गाणं चांगलंय. पण मधे थोडा हिचा आवाज लाव की."

काय लावणार? मूळ आवाज तर त्याने स्वतःच पुसले होते. कुणी फिल्म बंद केली नाही, म्हणून ती पुढे चालत राहिली. एक गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायचं होतं. त्या सांध्यात एका तुकड्याचा आवाज बंद करायचा राहून गेला होता. ती त्याच्या कामातली चूक. तिथे आक्काताई कॅमेऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "उदय, ते ठेव बाजूला. आधी जेवून घे."

आणि सनई सुरू झाली.

अण्णांनी हात पुढे केला. "तेवढं परत लाव," ते म्हणाले.

मंडळी, शंकरअण्णा त्यानंतर दोन वर्षं होते. रोज दुपारी स्मिता त्यांना तेवढंच लावून द्यायची आणि मग ते जेवायला बसायचे. शैला माहेरी आली की ते ऐकून स्वयंपाकघरात निघून जायची. बेळगावच्या दुकानदाराने दुकान भावाला दिलं. ते उत्तम मशीनही आता जुनं झालं, माळ्यावर आहे. उदय अजून लग्नांचं शूटिंग करतो. पण मांडवातच, पंगत उठायच्या आत, घरातल्या म्हाताऱ्यांना शेजारी बसवतो आणि कॅमेऱ्याच्या त्या बारक्या पडद्यावर सगळं दाखवतो. कच्चं. आवाजासकट.

आता सुरुवातीचा प्रश्न तुमच्या पदरात टाकते. उत्तर मला नको. तुमच्या घरात कुणीतरी काहीतरी मागितलंय, आणि तुम्ही म्हणालात, चांगलं करून देतो, थांबा. कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. आरती होऊ दे, प्रसाद घ्या. मग वाटेत कुठे रेंगाळू नका. घरी जा आणि जसं असेल तसं त्यांच्यापुढे ठेवा.