मुठीतली नळी

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या गवंड्याला बोलणं शक्यच नव्हतं. कान मात्र शाबूत होते. शेजारी एक मुलगी आणि तिची निवृत्त नर्स मावशी बसल्या होत्या.

“दाढेपेक्षा लॅबमधल्या त्या पॉलिमरनंच डोकं खाल्लंय, मावशी.”

“काय करतं गं ते?”

“गार पाण्यात छान विरघळतं. तापवलं की वेगळं होतं, पाणी दुधाळ दिसतं.”

“उलटंच की! साखर तर गरम पाण्यात विरघळते.”

“तीच तर गंमत. बत्तीस अंशांना दुधाळ व्हायला हवं, माझ्या नळीत अठ्ठाविसालाच होतं. सोबतच्या मुलानं बनवलेलं पॉलिमरच खराब आहे, असं मी सरांना सांगून टाकलं. तो आज तीन महिन्यांचं काम फेकून देणार आहे.”

“दुधाळ झालं ते बघतेस कसं?”

“नळी कोमट पाण्यातून काढते, मुठीत धरते आणि खिडकीशी नेते.”

“मुठीत?”

“मग काय चिमट्यात?”

“बाई, तीस वर्षं मी वॉर्डात ताप मोजला. थर्मामीटर पाऱ्याकडून धरणाऱ्या पोरींना काय काय बोललेय मी!”

“अगं आई गं.”

“फोन लाव त्याला.”

“कुठल्या तोंडानं?”

“आहे त्याच. सुजलंय तरी चालेल.”

“हॅलो? फेकू नकोस! पॉलिमर चांगलंय, माझ्या हाताच्या उबेनंच नळी तापत होती... हो, मीच चुकले... दवाखान्यात आहे... हो, माणसं आहेत... सगळ्यांसमोर म्हणू? परत?”

आतून गवंड्याचा नंबर पुकारला. तो जागचा हलला नाही.